खेळातली गाडी आणि गोरोबांचे थापटणे

खेळून मिळालेली विद्या ही विद्याच नव्हे, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. घाम गाळल्याखेरीज आणि छडी खाल्ल्याखेरीज जे मनात शिरते ते टिकत नाही, असा आपला जुना समज आहे. उलट, मूल जे काही शिकते ते खेळातूनच शिकते, असे सांगणारा दुसरा पक्षही आता बराच बळावला आहे. त्याचे चालले तर शाळांतून पाठ्यपुस्तके उचलून तिथे नुसती खेळणी मांडली जातील. दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य असावे असे वाटून आपण हा वाद सहसा ‘मध्यम मार्ग बरा’ एवढे बोलून मिटवतो. परंतु मध्यम मार्ग म्हणजे विचार टाळण्याची पळवाट नव्हे. खेळात कोणती विद्या येते, कोणती येत नाही आणि जी येत नाही ती का येत नाही, हे एकदा नीट पाहायला हवे. यंदा हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो घरातूनच आला, आणि तोही मोटारीत बसून आला.

आमचे घर तेरचे. माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या लातूरला पदविकेचा अभ्यास करतो आणि सुटीत गावी येतो. गेली पाच-सहा वर्षे तो मोबाइलवर मोटारींच्या शर्यतींचे खेळ खेळतो आहे. या खेळांचा इतिहास आता चांगलाच लांबला आहे. जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ 1982 साली आला, सेगाचा ‘आउट रन’ 1986 साली आला. शहरांतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकून लोक ते खेळत. तिथून पुढे त्यांचे दोन पंथ झाले. एका पंथाला खऱ्या मोटारीची हुबेहूब नक्कल करायची असते. 1997 साली जपानात निघालेला ‘ग्रॅन टुरिस्मो’ त्या पंथाचा मोठा मानकरी. दुसऱ्याला आर्केड पद्धतीचा म्हणतात. त्यात गंमत आधी आणि पदार्थविज्ञान मागाहून. तिथे मोटार भिंतीवर आपटली तर थोडी मंदावते आणि पुन्हा धावू लागते. पण या दुसऱ्या पंथातही एक गॅरेज असते. तिथे खेळाडूने जिंकलेले पैसे खर्चून गिअरचे प्रमाण बदलायचे, स्प्रिंगा कडक-नरम करायच्या, गाडी जमिनीपासून किती उंच ठेवायची ते ठरवायचे आणि पुन्हा शर्यतीत उतरायचे. यालाच मुले ‘ट्यूनिंग’ म्हणतात. तंबोरा जुळवावा तशी गाडी जुळवणे, असे मी त्याचे मराठी केले, तेव्हा पुतण्याला ते पसंत पडले.

एका संध्याकाळी तो मला समजावून सांगत होता : “काका, पुढच्या स्प्रिंगा नरम केल्या की गाडी वळण चांगलं घेते, पण ब्रेक मारला की नाक खाली घालते. गिअर आखूड केले तर सुटताना जोर येतो, पण पुढं वेग लवकर संपतो. म्हणजे एक घ्यायला गेलं की दुसरं सोडावं लागतं.”

माझी आई शेजारी वाती वळत बसली होती. तिचे वय ब्याऐंशी. ती म्हणाली, “ह्यात नवीन काय रं? गाडीत कडबा पुढं जास्त भरला की बैलाच्या मानंवर येतो, मागं जास्त भरला की गाडी उलाळती. तुझा आजा दोन पेंढ्या हिकडच्या तिकडं करून गाडी बरोबर करायचा.”

नातवाच्या पाच वर्षांच्या खेळाने आणि आजीच्या आयुष्यभराच्या शेतीने एकच गोष्ट सांगावी, याचे मला नवल वाटले. आणि त्याहून नवल वाटले ते ती गोष्ट आमच्याच गावी बोलली जावी याचे. तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीटने 1901 साली साधार मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून इथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत नेली जाते, असे त्याने नोंदवले आहे. त्या गाड्यांची धाव, आरे, तुंबा, आसाला घातलेले वंगण, भाराची पुढे-मागे केलेली वाटणी, हे सारे कुणीतरी जुळवल्याशिवाय एवढा पल्ला निघाला नसता. गाडी जुळवण्याची विद्या तेरला नवी नाही. नवे आहे ते एवढेच की ती आता गाडीला हात न लावताही शिकता येते.

आणि खरा प्रश्न इथूनच सुरू झाला. माझ्या धाकट्या भावाने जुनी, छोटी मोटार विकत घेतली आहे. पुतण्याने तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवायची, सायलेन्सर बदलायचा आणि इंजिनातून आणखी ताकद काढायची असा बेत मांडला. परवाना त्याच्याजवळ आहे, खर्चापुरते पैसे त्याने साठवले आहेत, आणि कोणता बदल केल्याने काय होईल हे तो वही उघडून सांगू शकतो. भाऊ म्हणाला, “दादा, तुम्हीच काय ते ठरवा. मी नाही म्हटलं की तो मला अडाणी समजतो.”

कायद्याचे उत्तर सोपे होते. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडक शब्दांत स्पष्ट केला आहे. तेवढे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु कायद्याने गप्प बसवलेला मुलगा पटलेला नसतो. तो फक्त पोलीस कुठे उभे आहेत ते पाहायला शिकतो. त्याला जे येत होते त्याला ‘हे खोटे ज्ञान आहे’ असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना.

कारण ते खोटे नव्हते. खेळाने त्याला एक फार मोठी गोष्ट शिकवली होती : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तोच रस्ता पुन्हा धावावा, घड्याळ पाहावे आणि मग मत बनवावे. प्रयोगशाळेची सारी शिस्त या चार वाक्यांत आहे. आपण मोठी माणसे औषध, पथ्य आणि वैद्य एकाच दिवशी बदलतो आणि बरे वाटले की तिघांपैकी जो आवडता असेल त्याला श्रेय देतो. शिवाय हरण्याची लाज खेळात वाटत नाही. शंभर वेळा चुकून एकशे एकाव्या वेळी बरोबर येण्याची मुभा कोणत्या शाळेने, कोणत्या कारखान्याने आजवर दिली आहे?

खेळातली विद्या म्हणून हिणवायचे, तर विमानाची गोष्ट आठवावी. अमेरिकेतल्या एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि झडपा वापरून त्याने 1929च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे, कलणारे, वळणारे एक लुटुपुटीचे विमान बनवले. वैमानिकांच्या शिक्षणासाठी ते कुणी घेईना. सुरुवातीला ते गेले करमणुकीच्या बागांत, मुलांच्या पाळण्यांशेजारी. पुढे 1934 साली तिथल्या लष्कराकडे टपालाची विमाने नेण्याचे काम आले, आणि धुक्यात, वादळात केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसल्यामुळे काही आठवड्यांतच कित्येक वैमानिक प्राणाला मुकले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. ‘जीव धोक्यात घातल्याशिवाय खरे शिक्षण होत नाही’ असे म्हणणाऱ्याने त्या वैमानिकांच्या घरी जाऊन ते म्हणावे. जत्रेतले खेळणे हे तिथे दयेचे साधन ठरले. ज्या चुकीने प्राण जातो ती चूक आधी खोटी करून पाहता येणे हा मानवजातीवरचा केवढा उपकार आहे!

मोटारीच्या खेळाचेही असेच झाले आहे. निसान आणि सोनी यांनी 2008 साली ‘जीटी अकादमी’ नावाची स्पर्धा सुरू केली. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून माणसे निवडायची आणि त्यांना खऱ्या शर्यतीत उतरवायचे, अशी ती कल्पना. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोन्येस. त्याच्या संघाने 2011 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवला. पुतण्याने ही हकीकत मला वकिलासारखी सांगितली. मीही ती मान्य केली. मात्र त्याच हकीकतीतला एक दुवा त्याने सोडला होता. खेळात जिंकलेल्यांना थेट शर्यतीत कुणी सोडले नव्हते. मध्ये खऱ्या मोटारीवरचे, खऱ्या गुरूंच्या हाताखालचे कडक शिक्षण होते, आणि त्यानंतरच परवाना होता.

त्या मधल्या टप्प्यात असे काय असते, जे खेळात नसते? ते मला धाराशिवच्या वाटेवरच्या एका गॅरेजात दिसले. आम्ही गाडी दाखवायला गेलो होतो. मिस्त्रींनी पुढच्या चाकाकडे बोट दाखवून सहज विचारले, “टायर आतून का झिजलाय, सांग बरं.” पुतण्याने क्षणात सांगितले, चाक वरच्या बाजूने आत कलले आहे किंवा दोन चाकांची तोंडे जुळत नाहीत. मिस्त्री खूश झाले. “पोरगं हुशार आहे,” म्हणाले आणि त्याच्या हाती पाना दिला. पुतण्याने बोल्ट आवळायला घेतला, आवळला, आणखी आवळला, आणि त्याचे आटे गेले. मिस्त्री रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “बोल्ट सांगतो की बास आता. हाताला ऐकू यायला पाहिजे.”

हाताला ऐकू येणे! खेळातल्या बोल्टला आटे नसतात. तिथे पैसे मोजले की बदल झाला. वस्तूचा हट्ट, धातूचा स्वभाव, गंजाचे वय यांच्याशी तिथे गाठच पडत नाही. हा पहिला अभाव. पण हा तसा भरून निघण्याजोगा आहे. दोन-चार बोल्ट वाया गेले की हात शहाणा होतो.

दुसरा अभाव याहून गंभीर आहे, आणि तो सांगायला मला गोरोबाकाकांकडेच जावे लागेल. त्यांची समाधी आमच्या गावात आहे आणि त्यांची कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. गोरोबा चिखल तुडवत होते, भजनात देहभान हरपले होते, आणि रांगत आलेले लेकरू पायांखाली आले. लहानपणापासून ही कथा मी भक्तीचा महिमा म्हणून ऐकत आलो. पुढे पांडुरंगाने लेकरू परत दिले, हेही ऐकत आलो. तथापि, अलीकडे ती ऐकताना माझे मन त्या चिखलापाशी थबकते. तल्लीनता ही किती थोर गोष्ट, आणि तिच्या पायांखाली कोण येईल याचा नेम नाही! भजनासारख्या पवित्र तल्लीनतेची जिथे ही कथा, तिथे वेगाच्या तल्लीनतेचे काय सांगावे? खेळात ही तल्लीनता निर्धोक असते, कारण तिथल्या चिखलात लेकरू नसते. रस्त्यावर ते असते. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यावर अंधारात बैलगाडी असते, ट्रॉली असते, शाळेतून सुटलेली पोरे असतात. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसे मेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. त्या ‘जीटी अकादमी’तूनच पुढे आलेला यान मार्डनबरो हा चालक मार्च 2015 मध्ये जर्मनीत नुरबुर्गरिंगच्या शर्यतीत धावत असताना त्याची मोटार हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली, एक प्रेक्षक दगावला. मी हे त्या चालकाला दोष देण्यासाठी सांगत नाही. कुणाचा दोष असो वा नसो, खऱ्या रस्त्याच्या कडेला माणूस उभा असतो आणि ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण तिथे नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

ही परत न फिरण्याची जाणीव माहितीच्या रूपाने देता येत नाही. अपघाताचे आकडे पुतण्यालाही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि पाठीच्या कण्यात उतरणे यांत अंतर आहे. याचा अर्थ प्रत्येकाने एकदा अपघात करून पाहावा असा मुळीच नाही. माणसाला दुसऱ्याचा भार आपल्या हातात असल्याचा अनुभव यावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तिसरा अभाव. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळात गाडी कशासाठी जुळवायची हे आधीच ठरलेले असते : कमीत कमी वेळात फेरी मारण्यासाठी. ते उद्दिष्ट खेळाडूने निवडलेले नसते. खेळ करणाऱ्याने ते त्याच्या हाती ठेवलेले असते. म्हणून खेळातले प्रश्न कितीही अवघड असले तरी एका अर्थाने ते सोपे असतात. संसारात नेमके हेच कोडे असते. गाडी खाली बसवली की ती वळणात बरी धावेल, हे खरे. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर तिचे पोट घासेल, हेही तितकेच खरे. स्प्रिंगा कडक केल्या की वेग वाढेल आणि मागे बसलेल्या आजीचे कंबरडे मोडेल. मग गाडी जुळली म्हणायचे की बिघडली? हे गाडीला विचारून कळणार नाही. तगराहून भडोचला निघालेल्या गाडीवानाला वेगाचा विक्रम करायचा नव्हता. मलमल कोरडी आणि बैल धड पोहोचावेत एवढेच त्याला हवे होते. त्याची गाडी त्या हेतूला जुळलेली होती. तंबोराही शेवटी गाणाऱ्याच्या सुराला जुळवायचा असतो. तो नुसता उंच लावला म्हणजे चांगला लागला असे कुणी म्हणत नाही.

आजच्या आपल्या बऱ्याच धडपडीचे मला यात मूळ दिसते. परीक्षेचे गुण, पगाराचा आकडा, मोबाइलवर मोजलेली पावले, सगळीकडे कुणीतरी आपल्या हाती घड्याळ देऊन ठेवले आहे आणि आपण फेरीमागून फेरी मारत स्वतःला जुळवतो आहोत. कशासाठी, हे विचारायला मात्र सवड नाही. खेळाचा खरा धोका मुले खेळात रमतात हा नाही. खेळाबाहेरचे जगही आधीच ठरवून दिलेल्या उद्दिष्टांचा एक खेळ आहे असे ती समजू लागतात, हा आहे. आणि तो समज त्यांना खेळाने जेवढा दिला, त्याहून अधिक आपण वडीलधाऱ्यांनी दिला आहे.

मग कच्चे काय आणि पक्के काय? परंपरा सांगते की तेरला संतमेळा जमला असता मुक्ताबाईने गोरोबांना विचारले, हे कोपऱ्यात काय आहे? गोरोबा म्हणाले, हे थापटणे; याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आमचीही परीक्षा करा, असे ती म्हणाली, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले. पण कथा इथे संपत नाही. कच्चा ठरलेला नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेला आणि पक्का होऊन आला. गोरोबांनी मडके कच्चे आहे असे सांगितले. ते फोडून टाका असे सांगितले नाही. कुंभाराला माहीत असते की कच्चेपणा हा दोष नव्हे, तो एक टप्पा आहे. चाकावर घडल्याशिवाय मडके आव्यात जात नाही, आणि आव्यातून निघाल्याशिवाय त्यात पाणी भरत नाहीत. चाक म्हणजे खेळ आणि आवा म्हणजे संसार असे मानले, तर खेळाचा तिरस्कार करणारा चाकच मोडतो, आणि खेळालाच विद्या मानणारा ओल्या मडक्यात पाणी ओततो.

शिवाय थापटणे परीक्षेपुरतेच नसते. कुंभार मडके घडवताना बाहेरून थापटण्याने ठोकतो आणि आतून दुसऱ्या हाताने आधार देतो. आपण वडील माणसे ठोकण्याचा हात तेवढा लक्षात ठेवतो.

म्हणून मी पुतण्याला ‘नाही’ म्हटले नाही, ‘हो’ही म्हटले नाही. मी म्हणालो, “स्प्रिंगांना आणि सायलेन्सरला हात लावायचा नाही, तो कायदा आहे, आणि गतिरोधकही आहे. बाकी गाडी तुझी. टायरची हवा, चाकांची तोंडे, ब्रेक, प्लग, सीट, भाराची वाटणी, जे जुळवायचे ते मिस्त्रींच्या देखरेखीखाली जुळव. एका वेळी एकच बदल, वहीत नोंद, जसे खेळात करतोस तसे. फक्त घड्याळ बदलायचे. आजीला मागे बसवून तुळजापूरला न्यायचे. तिला वाटेत झोप लागली तर गाडी जुळली.”

त्याने थोडा वेळ विचार केला. मग विचारले, “काका, आणि कमीत कमी वेळ?”

“वेळ आजीला विचार.”

महिनाभर त्याचे ते चालले. हवा दोन पौंडांनी कमी केली, मग एकाने वाढवली; पुढची चाके जुळवून घेतली; ब्रेक हलक्या पायाने दाबायला तो शिकला, ही नोंद मात्र त्याने वहीत केली नाही, ती मी पाहिली. नवरात्राआधी तो आजीला तुळजापूरला घेऊन गेला. परत आल्यावर ओट्यावर बसून आईने निकाल दिला : “अर्ध्या वाटंपर्यंत झोप लागली बघ. मग डाव्या अंगाला कायतरी कुरकुरायला लागलं.”

पुतण्या काहीच बोलला नाही. त्याने पाना घेतला आणि डाव्या चाकाशी जाऊन बसला. बोल्ट आवळताना मध्येच तो थांबत होता आणि मान कलती करून, हाताला काही ऐकू येते का ते पाहत होता.